‘आज फूल नाही’ हीसुद्धा नोंदच

जानेवारी सरत आला की माझ्या फोनवर पळसाचे फोटो यायला लागतात. कुणी नागपूरच्या काटोल रोडवरून पाठवतं, कुणी हिंगण्याकडून, कुणी उमरेडच्या वाटेवरून. फोटोखालचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘मॅडम, यंदा पळस लवकर फुलला!’ पाठवणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी असतात, सकाळी फिरायला येणारी मंडळी असतात, एखादा पत्रकारही असतो. त्यांच्या आनंदावर विरजण घालायची माझी इच्छा नसते. पण गेली काही वर्षं मी प्रत्येकाला उलट एकच प्रश्न विचारते: हेच झाड गेल्या आठवड्यात पाहिलं होतं का?

बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

हा प्रश्न मला माझ्याच वहीने शिकवला. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि जवळपास पंचवीस वर्षं पळसाच्या पहिल्या फुलाची तारीख लिहून ठेवत आले आहे. एका कार्यक्रमात ती वही पुढे ठेवून मी सांगितलं की आपल्याकडे पळस दहा-बारा दिवस आधी फुलायला लागला आहे. लोकांनी ते मनावर घेतलं, छापूनही आलं. नंतर सगळ्या तारखा आलेखावर मांडल्या, तेव्हा रेघ हळूहळू उतरत गेलेली दिसेना. बरीच वर्षं ती जवळपास सपाट होती, २०१४ मध्ये एकदम एक पायरी उतरली आणि पुन्हा सपाट झाली. २०१४ मध्ये हवामानात काय घडलं ते शोधण्यात मी दोन दिवस घालवले. मग लक्षात आलं की त्या वर्षी आम्ही घर बदललं. मानेवाड्याहून सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी राहायला आलो. मानेवाड्याला असताना मी पळस बघायला मुद्दाम रविवारी स्कूटरने जायची, तेही वेळ मिळाला तर. इथे तो माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आला, आणि चार झाडांच्या जागी चाळीस झाडं नजरेखाली आली. झाडं फुलत होती तेव्हाच फुलत होती. बदलली होती ती बघणारी.

दुरुस्ती मी सांगितली, ती मात्र कुठे छापून आली नाही. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं असं: झाडं कधी फुलतात, कधी पालवतात, कधी फळतात याचा नेमका अंदाज ही हौशी लोकांची करमणूक नाही. जंगल, शेती आणि शहर या तिन्हींबद्दलचे निर्णय या तारखांवर उभे असतात. आणि नागपुरात आज आपण ज्याला ‘पहिलं फूल’ म्हणून नाचवतो, ती तारीख सगळ्या तारखांत सर्वांत कच्ची असते.

कच्ची का, ते वर्गातल्या मुलांवरून सांगते. दहा मुलांच्या वर्गातला सर्वांत उंच मुलगा आणि शंभर मुलांच्या वर्गातला सर्वांत उंच मुलगा शेजारी उभे केले, तर शंभरांतला बहुतेक वेळा उंच निघेल. त्यावरून त्या शाळेतली मुलं उंच असतात असं कुणी म्हणणार नाही. मुलं जास्त, म्हणून टोकाचा नमुना सापडायची शक्यता जास्त. पहिलं फूल हा असाच टोकाचा नमुना आहे. एखादं झाड मोरीच्या काठी असतं, एखादं भिंतीच्या उबेत असतं, एखाद्याची मुळं फुटलेल्या नळाजवळ गेलेली असतात, आणि ते बाकीच्यांच्या पंधरा दिवस आधी फुलतं. चार झाडं पाहणाऱ्याला असं झाड क्वचित भेटतं, चाळीस पाहणाऱ्याला हमखास भेटतं. आता तर हजारो लोकांच्या खिशात कॅमेरा आहे. एकाही झाडाने आपली वेळ एका दिवसानेही बदलली नाही, तरी ‘पहिला फोटो’ दरवर्षी अलीकडे सरकत जाईल.

याची उलटी बाजू जास्त घातक आहे. रस्ता रुंद झाला, चाळीस पळसांचे बारा उरले, तर त्या बारांतलं पहिलं फूल पूर्वीच्या चाळिसांतल्या पहिल्या फुलापेक्षा उशिरा दिसणार. म्हणजे झाडं तापमानामुळे खरोखर आधी फुलू लागली असतील, तरी तोडीमुळे आपल्या वहीत ती उशिरा फुलल्यासारखी दिसतील. दोन बदल एकमेकांना झाकतील आणि आपण लिहू, ‘विशेष फरक नाही’. झाडं गेली हे दुखणंही त्या तारखेत लपून जाईल.

शिवाय बघायला किती दिवसांनी गेलो, हाही प्रश्न आहेच. दर रविवारी जाणाऱ्याला सोमवारी उमललेलं फूल सहा दिवसांनी दिसतं. सहा दिवस म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण २००३ मध्ये जगभरच्या शेकडो प्रजातींच्या नोंदी एकत्र करून जो आकडा निघाला, तो होता दर दशकाला सरासरी २.३ दिवस. वसंतातल्या घटना इतक्या वेगाने अलीकडे सरकत आहेत. जो बदल मोजायचा तो दहा वर्षांत दोन-तीन दिवसांचा, आणि आपल्या मोजमापातली ढिलाई आठवड्याची. चूक कधी इकडे कधी तिकडे होत असेल, तर भरपूर वर्षांच्या नोंदींत ती विरून जाते. पण बघणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढत असेल, तर चूक दरवर्षी एकाच दिशेला जाते, आणि असली चूक कितीही वर्षांच्या नोंदी जमवल्या तरी विरत नाही. साठते.

मग पहिल्या फुलाऐवजी काय पाहायचं? याचं उत्तर मला पुस्तकाआधी पेंचच्या बाजूच्या एका गावात मिळालं होतं, तेव्हा ते कळलं नाही इतकंच. मार्च सुरू होता. एका मोठ्या मोहाखाली एक मावशी पालापाचोळा झाडत होत्या. मी वर पाहिलं, फांद्यांच्या टोकांना तपकिरी घोस दिसले, आणि मी वहीत लिहिता लिहिता म्हटलं, ‘मावशी, मोह फुलला की!’ त्या हसल्या नाहीत. खराटा थांबवून म्हणाल्या, ‘फुलला कुठं बाई? कळ्या फुगल्या हायेत निस्त्या. फूल पडाले लागन तवा मोह आला म्हनाचं. अन् पहिले दोन-चार दिवस तर टोपलीचं बूडबी झाकत नाही. खरा मोह मंग पडते.’

तेवढ्या बोलण्यात त्यांनी फुलोऱ्याच्या तीन अवस्था वेगळ्या केल्या होत्या: कळी, पहिली पडझड आणि भर. त्यांच्या दृष्टीने कामाची तारीख होती ती भराची. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्या रसाळ पाकळ्या पहाटे गळतात. त्या वेचायला अंधारातच जावं लागतं आणि त्याच वेळी अस्वलही त्याच झाडाखाली येतं. फुलं नीट दिसावीत म्हणून कुठे कुठे झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि तीच आग पुढे रानात शिरते. वनविभागाने जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) कधी साफ करायच्या, गस्त कोणत्या आठवड्यात वाढवायची, गावकऱ्यांना अस्वलाबद्दल कधी सावध करायचं, हे सगळं मोहाच्या भरावर ठरायला हवं. एखाद्या हौशी माणसाने टिपलेल्या पहिल्या घोसावर आखणी केली, तर माणसं पंधरा दिवस आधी दमतील आणि ऐन वेळी सैल पडतील.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात संशोधकांनी ३९ वर्षं ६० प्रजातींची फुलं मोजली. एकूण वीस लाखांहून अधिक फुलं! त्यांना आढळलं की पहिलं फूल, भर आणि शेवटचं फूल हे तिन्ही एकाच चालीने सरकत नाहीत. काही प्रजातींत सुरुवात अलीकडे आली पण भर होता तिथेच राहिला, काहींत शेवट लांबला. नुसती पहिली तारीख धरली असती, तर कितीतरी प्रजातींतला बदल हातून निसटला असता. जपानमधल्या क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, आणि २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला बहर बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला. हे इतक्या ठामपणे म्हणता आलं, कारण तिथल्या दप्तरांत आणि रोजनिशांत पूर्ण बहराची तारीख आहे. कुणाला तरी कुठे तरी दिसलेल्या पहिल्या कळीची नाही.

भराला एवढं महत्त्व का, तर पोटं भराला भरतात. हॉलंडमधल्या रानांत पाइड फ्लायकॅचर नावाचा छोटा पक्षी आफ्रिकेतून येऊन अंडी घालतो. ओकची पालवी आणि तिच्यावरच्या अळ्या लवकर येऊ लागल्या, पक्षी मात्र जुन्या वेळेला येत राहिला. जिथे अळ्यांचा भर सर्वांत लवकर सरत होता, त्या रानांत दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. हे कळलं ते अळ्यांच्या भराची तारीख नीट मोजलेली होती म्हणून.

आपल्याकडे असं काही घडत आहे का? आपल्या विदर्भात भोरड्यांना पळसमैना असंही नाव आहे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना हिवाळा आपल्याकडे काढते आणि एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे निघते. निघण्याआधीच्या आठवड्यांत पळसावर, सावरीवर तिचे थवे तुटून पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लांबच्या प्रवासाआधीचं पाखरांचं खाणं आणि पळसाचा भर यांची गाठ जुन्या लोकांनी एका शब्दात बांधून ठेवली. ती गाठ अजून घट्ट आहे की सुटत चालली आहे, हे सांगायला दोन्ही टोकांच्या तारखा हव्यात. पाखरांच्या तारखा पक्षिमित्र हल्ली बऱ्यापैकी ठेवतात. झाडांची बाजू कोरी आहे.

उंबराचं तर गणितच वेगळं. उंबर, वड, पिंपळ या प्रत्येकाची स्वतःची अशी एक चिमुकली गांधीलमाशी असते. तिच्याशिवाय परागण नाही आणि त्या झाडाच्या फळाशिवाय तिचं बाळंतपण नाही. बाहेर पडलेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात जवळपासच्या दुसऱ्या उंबरावर योग्य अवस्थेतली कोवळी फळं सापडली पाहिजेत. म्हणून एखाद्या परिसरातल्या सगळ्या उंबरांनी एकदम फळणं त्यांच्या मुळावरच येईल. कुणी ना कुणी वर्षभर फळत राहावं लागतं. इथे ‘नागपुरात उंबर सरासरी अमुक महिन्यात फळतो’ हे वाक्य खरं असलं तरी निरुपयोगी आहे. जपायची असते ती फळांची साखळी, आणि मोजायची असते तिच्यातली सर्वांत मोठी खिंड: किती दिवस एकाही झाडावर फळ नव्हतं? आपल्या राज्यपक्ष्याचं, हरियालाचं, ऐन उन्हाळ्यातलं पोट याच खिंडीवर अवलंबून असतं. आणि ही खिंड मोजायची तर ‘फळ नाही’ असं लिहिलेल्या नोंदी लागतात. फळ नसलेल्या झाडाचा फोटो कुणी काढत नाही.

शेतकऱ्याला हे सगळं नवं नाही. आंबिया बहार धरायचा की मृग, पाणी तोडून झाडाला ताण किती दिवस द्यायचा, पाणी पुन्हा कधी सोडायचं हे काटोल-नरखेड-वरुडचा संत्रा बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आला आहे. (म्हणूनच संत्र्याच्या बहराची तारीख हवामानबदलाचा पुरावा म्हणून कुणी पुढे केली की मी सावध होते. ‘बहार धरणे’ हा शब्दच सांगतो की ती तारीख निम्मी माणसाने ठरवलेली आहे.) संत्र्यावर कोळशी (काळी बुरशी) आणणाऱ्या काळ्या माशीची फवारणी पहिलं अंडं दिसलं म्हणून करत नाहीत. साधारण निम्मी अंडी फुटली की करतात. आधी मारलं तर औषध वाया, उशीर झाला तर बाग काळी. नवती (कोवळी पालवी) कधी आली, निम्मी अंडी कधी फुटली, हे ओळखणारी नजर गावोगाव आहे.

कपाशीचं उदाहरण तर थेट सरकारी धोरणातलं आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली, त्यानंतर हंगामपूर्व लागवड नको, फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक) नको, कपाशी १ जूननंतरच लावा असं कृषी खातं सांगत आलं आहे. त्यामागचं कारण फुलोऱ्याच्या वेळेचं आहे. मे-जूनमध्ये सुप्तावस्थेतून बाहेर येणाऱ्या पतंगांना अंडी घालायला पात्या (कळ्या) आणि फुलं मिळालीच नाहीत, तर ती पिढी उपाशी संपते. लवकर लावलेली चार एकर कपाशी त्यांना नेमकं तेव्हाच आयतं ताट वाढून ठेवते. म्हणजे एका झुडपाच्या फुलाची तारीख आणि एका पतंगाची तारीख यांच्यामधल्या दोन-तीन आठवड्यांवर आपण लाखो शेतकऱ्यांना सल्ला देतो. पिकाच्या बाबतीत ज्या नेमकेपणाचा आग्रह आपण धरतो, तो रानातल्या झाडांच्या बाबतीत सोडून का द्यायचा?

यावर एक उत्तर नेहमी येतं: आता उपग्रह आहेत, ते सगळं बघतात. बघतात, आणि त्यांचा उपयोगही फार मोठा आहे. पण काय बघतात ते समजून घ्यावं. जुन्या मोडिस उपग्रहचित्रांतला एक ठिपका २५० मीटर बाजूचा. गोरेवाड्याच्या जंगलात तेवढ्या चौकोनात साग, ऐन, पळस, तेंदू, पायवाट आणि नाला सगळं एकत्र येतं. नव्या सेंटिनेल चित्रांत तो ठिपका १० मीटरवर आला आहे आणि दर पाच दिवसांनी चित्र मिळतं. तरी उपग्रहाच्या नोंदींतून आपण बहुधा मोजतो तो हिरवेपणा. पळस फुलतो तो पानं झडलेली असताना. त्या दिवसांत वरून जो हिरवेपणा दिसतो तो बऱ्याचदा नाल्याकाठच्या घाणेरीचा असतो. आणि साग पालवतो त्या जूनच्या शेवटाला वर ढगांचं आभाळ असतं. उपग्रहाला खरं-खोटं सांगायला जमिनीवरची वही लागतेच.

तीस मे २०२४ आठवतो? नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. एक-दोन दिवसांतच ते उपकरणाच्या बिघाडामुळे होतं हे स्पष्ट झालं. ते इतक्या लवकर कळलं, कारण शहरात दुसरी केंद्रं होती, जुन्या नोंदी होत्या, आणि आकडा तपासायची रीत होती. पळसाच्या बाबतीत यातलं काहीच नाही. उद्या कुणी म्हणालं की नागपूरचा बहावा महिनाभर आधी फुलला, तर ते खरं की ५६ अंशांसारखं, हे ठरवायला आपल्याजवळ काय आहे? आठवणी आहेत, आणि आठवणी नेहमी सर्वांत देखण्या झाडाच्या असतात.

गणिताची मदत घेता येते, पण गणितालाही खाद्य लागतं. याचं मला आवडणारं उदाहरण मॉरिशसच्या डोडो पक्ष्याचं. तो शेवटचा खात्रीने दिसला १६६२ मध्ये. म्हणून तो त्याच वर्षी संपला का? शेवटच्या दर्शनांमध्ये किती किती वर्षांचं अंतर होतं ते पाहून २००३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तर खरा शेवट १६९० च्या आसपास निघाला. शेवटचं दर्शन आणि खरा शेवट यांत अंतर असतं, तसंच पहिलं दर्शन आणि खरी सुरुवात यांतही असतं. सुरुवातीची पाच-सहा फुलं लागोपाठच्या दिवसांत दिसली असतील, तर खरी सुरुवात जवळच असणार. ती विखुरलेली असतील, तर बरीच मागे. वायबुल वितरण नावाच्या सूत्राने हा अंदाज बांधता येतो, आणि सोबत ‘मागेपुढे इतके दिवस’ हेही सांगता येतं. मला स्वतःला ते ‘मागेपुढे’ फार मोलाचं वाटतं. नुसती ‘४ फेब्रुवारी’ लिहिलेली नोंद जितकी ठाम दिसते तितकी नसते. ‘४ फेब्रुवारी, मागेपुढे पाच दिवस’ लिहिणारा माणूस आपल्याला काय ठाऊक आहे आणि किती, दोन्ही सांगतो. पण या सूत्राला एकटी पहिली तारीख दिली तर ते काहीच करू शकत नाही. त्याला सगळ्या तारखा हव्यात.

आता नागपूरकडून मला काय हवं आहे ते सांगते. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार महापालिकेने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. गणनेत झाडाची जात, घेर, उंची, जागा येते. झाडाचं वर्षभराचं जगणं येत नाही. माझी मागणी आहे की गणनेतल्या सगळ्या नव्हे, पण काहीशे झाडांना कायमचे क्रमांक देऊन त्यांची दर आठवड्याला, ठरलेल्या वारी नोंद व्हावी. पळस, काटेसावर, मोह, बहावा, कडुनिंब, आंबा, उंबर एवढ्या जाती सुरुवातीला पुरेत. सिव्हिल लाइन्स, अंबाझरी, महाराजबाग, सेमिनरी हिल्स, अजनी, आणि मुद्दाम दाट वस्तीतलीही झाडं घ्यावीत, कारण सिमेंटच्या रस्त्याकाठचं झाड आणि टेकडीवरचं झाड एकाच घड्याळावर चालतं असं गृहीत धरायला काही आधार नाही. लिहायचं एवढंच: कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ, नवी पालवी, प्रत्येकापुढे नाही, थोडं, भरपूर. ही पद्धत मी काढलेली नाही. २०१० पासून सीझनवॉच हा उपक्रम देशभर अशाच नोंदी गोळा करतो आहे आणि केरळमधल्या शाळांनी त्यात मोठी भर घातली आहे. नागपूर त्यात मागे राहायचं कारण मला दिसत नाही.

आणि नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात. पावसाळ्यापूर्वी वीजतारांखालच्या फांद्या छाटतात, तेव्हा कोणत्या रस्त्यावर बहावा फुलात आहे, कुठल्या कडुनिंबावर निंबोळ्या धरल्या आहेत, कुठे कावळ्याचं घरटं आहे, हे छाटणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात दिली जाते ती फक्त रस्त्यांची यादी. रोपवाटिकेलाही याचा थेट फायदा आहे. कडुनिंबाचं बी उगवण्याची ताकद फार दिवस धरत नाही, निंबोळी पिकली की लवकर पेरावी लागते. बी गोळा करणारी माणसं दोन आठवडे उशिरा पोचली की त्या वर्षीची रोपं गेली.

मला ऐकवलं जातं की शहरात उन्हाने माणसं मरतात आणि तुम्ही पळसाच्या चार दिवसांचा हिशेब काय घेऊन बसलात. उन्हाने माणसं मरतात, म्हणूनच सावलीची झाडं मेच्या कोणत्या आठवड्यात पानांवर असतात ते मला माहीत हवं आहे. कोणतं झाड ऐन उन्हाळ्यात उघडंबोडकं असतं आणि कोणतं पाऊस यायच्या आधीच पालवतं, हे कळल्याशिवाय बसथांब्याजवळ कोणतं झाड लावायचं ते कसं ठरवणार? शेवग्याची, सुबाभळीची, जे नर्सरीत मिळेल त्याची रोपं लावून आपण दरवर्षी आकडा पूर्ण करतो.

खर्चाचं म्हणाल, तर वही आणि पेन्सिल लागते, आणि आठवड्यातली वीस मिनिटं. माझ्या महाविद्यालयातल्या अकरा मुलामुलींनी गेल्या वर्षीपासून टेकडीवरचे चोवीस पळस वाटून घेतले आहेत. सुरुवातीला त्यांना फार कंटाळा आला. डिसेंबरभर काय लिहायचं? नाही, नाही, नाही. एक मुलगी वैतागून म्हणाली, ‘मॅडम, काहीच घडत नाही तर येऊन उपयोग काय?’ मी तिला तिच्याच वहीतलं एक पान दाखवलं. सातव्या झाडापुढे एका रविवारी ‘कळ्या, काळपट, मखमली, उमललेली एकही नाही’ असं होतं आणि पुढच्या रविवारी ‘तीन फुलं’. त्या दोन ओळींमुळे सातव्या झाडाचं पहिलं फूल कोणत्या सात दिवसांत उमललं हे आता कुणालाही सांगता येतं. माझ्या पंचवीस वर्षांच्या वहीतल्या एकाही तारखेबद्दल मला ते सांगता येत नाही.

या रविवारीही ती मुलं जाणार आहेत. नऊ नंबरच्या झाडाला अजून एक बघणारा हवा आहे.